लग्नानंतरचे न बोललेले दुखणे

गेल्या महिन्यात एक सासूबाई सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. लग्नाला तीन वर्षे झाली, पाळणा हलला नाही, "काय ती तपासणी एकदाची करून टाका," असा आग्रह. त्यांना बाहेर बसवले, तशी मुलगी रडू लागली. नवऱ्याशी संबंध एकदाही पूर्ण झाला नव्हता. जवळीक हवीशी वाटे, पण त्या क्षणी मांड्या आवळल्या जात, आग होई आणि सगळे तिथेच थांबे. माहेरी बोलायची सोय नाही, सासरी 'वांझ' हा शब्द फिरू लागलेला.

या त्रासाला व्हजायनिस्मस म्हणतात. योनिमार्गाभोवतीचे स्नायू आपोआप आखडतात. डोळ्याजवळ बोट आले की पापणी मिटते, तसे. अशी स्त्री हट्टी नसते, थंडही नसते. 'थोडे दुखणारच, सहन कर' हा वडीलधाऱ्या बायकांचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण जबरदस्तीने भीती आणि आखडणे दोन्ही वाढते. हे नाव देणाऱ्या डॉ. सिम्स यांनी १८६१ साली शस्त्रक्रिया सुचवली होती. आज बहुतेकींना तिची गरज पडत नाही.

मात्र एकदा तपासणी हवी. जंतुसंसर्ग, योनिपटलाची जन्मजात अडचण, बाळंतपणातल्या टाक्यांचा व्रण, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा यांचे उपचार निराळे. आणि तपासताना तिने 'थांबा' म्हटले की डॉक्टरांनी थांबलेच पाहिजे.

पुढचे काम घरचे. काही आठवडे संबंधाचा प्रयत्न पूर्ण बंद ठेवायचा. रात्रीची धास्ती गेली की निम्मे काम होते. रोज दहा-पंधरा मिनिटे दार लावून निवांत पडावे, पोटाने सावकाश श्वास घ्यावा. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून सैल सोडावेत. भर सैल सोडण्यावर. मग नख कापलेली, स्वच्छ करंगळी जेलीचा हात लावून, किंचित खाली जोर करत, दुखणार नाही इतकीच आत न्यावी व तशीच ठेवावी. सवय झाली की मोठे बोट, पुढे दोन बोटे. याच कामासाठी चढत्या आकाराच्या नळ्याही मिळतात. दुखले तर एक पायरी मागे. त्यात हरल्यासारखे काही नाही. नंतर नवऱ्याचे बोट, पण हात तिने धरलेला. संबंधाच्या वेळीही वेग तिच्याच हाती असावा. खोबरेल तेल चालते, मात्र निरोधबरोबर नको. तेलाने रबर कमकुवत होते.

पूर्वी कोणी अत्याचार केला असेल, तर आधी समुपदेशकाशी बोलावे.

र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७ साली सुरू केले. तरी सुशिक्षित जोडपीही अजून हे तीन-चार वर्षे लपवतात, याचे मला वाईट वाटते.

त्या मुलीच्या शरीरात दोष नव्हता. नवऱ्याला पुढच्या खेपेला बोलावले आहे, तो येणार आहे. तिला विचारूनच सासूबाईंना एवढे सांगितले, "सहा महिने पाळण्याचा विषय काढू नका."