खाऊ मागण्याचे वय

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेत आणि कॅनडात एक वाद हमखास डोके वर काढतो. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, हॅलोविनच्या निमित्ताने, भुतांची, चेटकिणींची, राक्षसांची सोंगे घेऊन मुले दारोदार हिंडतात, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ अशी आरोळी ठोकतात आणि घरधनी त्यांच्या पिशवीत मूठभर गोळ्या-चॉकलेटे टाकतो. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, असा त्या आरोळीचा सरळ अर्थ. परीचे पंख लावलेली सहा वर्षांची मुलगी दारात उभी राहिली तर कोणाचीच तक्रार नसते. तक्रार सुरू होते ती आवाज फुटलेला, मिसरूड फुटू लागलेला पंधरा वर्षांचा मुलगा त्याच दारात उभा राहतो तेव्हा. याने आता खाऊ मागत फिरावे काय, आणि याला तो द्यावा काय?

वरवर पाहता हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा. परंतु न्यूजर्सीपासून टोरांटोपर्यंत मराठी घरे आज पसरलेली आहेत आणि त्या घरांतली मुले एका हाताने आकाशकंदील चिकटवतात व दुसऱ्या हाताने भोपळा कोरतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. पहाटे गोव्यात नरकासुर जळाले आणि त्याच तारखेच्या संध्याकाळी तिकडे भोपळ्यांत दिवे लागले. तिकडच्या मराठी आईबापांपुढे हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. आणि अर्धवट वयाच्या मुलांचे समाजाने काय करावे हा त्यामागचा प्रश्न तर कोणत्याच देशाला परका नाही.

काही नगरपालिकांनी या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले. व्हर्जिनिया राज्यातील चेसापीक या शहराने १९७० साली असा नियम केला की, बारा वर्षांवरील कोणी खाऊ मागत हिंडल्यास तो गुन्हा समजावा. शिक्षा दंडाची आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगाची. हा नियम जवळजवळ अर्धशतक पुस्तकात होता. २०१९ साली, बराच उपहास सोसल्यानंतर, तेथील नगरसभेने वय चौदावर नेले आणि तुरुंग काढून टाकला. इलिनॉय राज्यातील बेलव्हिलने २००८ मध्ये असेच निर्बंध घातले. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या बॅथर्स्टने २०१७ मध्ये सोळा वर्षांची मर्यादा आणि रात्री आठची वेळ ठरवून दिली. ती सुद्धा आधीच्या चौदा वर्षांच्या नियमात सवलत म्हणून! चॉकलेट मागितल्याबद्दल तेरा वर्षांच्या मुलाला कोठडीत घालण्याची भाषा शहाण्यासुरत्या नगरपित्यांनी कायद्यात लिहावी, यावरून प्रौढांच्या मनातली भीती किती खोल गेली आहे हे दिसते.

या भीतीची गंमत अशी की, ज्यांच्यासाठी दार बंद करावयाचे म्हणतात, त्यांच्यासाठीच हे दार मुळात उघडले गेले होते. हॅलोविन ही ख्रिस्ती पंचांगातील सर्वसंतांच्या सणाची पूर्वसंध्या. आयर्लंड-स्कॉटलंडमधून आलेल्या लोकांनी ती अमेरिकेत आणली. तिकडे सोंगे घेऊन घरोघर जाण्याची चाल जुनीच आहे आणि स्कॉटलंडमध्ये गाणे, कविता किंवा विनोद ऐकविल्यावाचून खाऊ मिळत नाही. अमेरिकेत मात्र या रात्रीला खोड्यांचे स्वरूप आले. थोराड पोरे कुंपणांची फाटके उपटून नेत, परसातले संडास उलथवीत, खिडक्यांच्या काचांना साबण फाशीत, शेतकऱ्याची गाडी सुटी करून गोठ्याच्या छपरावर नेऊन पुन्हा जोडून ठेवीत. खेड्यात असे चालले तोवर लोकांनी हसून सोडले. शहरे वाढली, मंदीचे दिवस आले आणि १९३० नंतरच्या काळात याच खोड्यांचे रूपांतर दिवे फोडण्यात, मोटारी उलटविण्यात, आगी लावण्यात झाले. काही शहरांतून हॅलोविनवर बंदीच घालावी असा विचार पुढे आला.

पण अनेक गावांनी बंदीऐवजी तडजोड स्वीकारली. पोरांना मिरवणुकी दिल्या, शाळांतून मेजवान्या दिल्या आणि घरोघर खाऊ दिला. आयोवा राज्यातील डे मॉइन शहरात त्या दशकाच्या अखेरीस, नासधूस थांबावी या उघड हेतूने, ३० ऑक्टोबरची रात्र खाऊ मागण्यासाठी राखून ठेवली गेली. तेथे मुलाने दारात एखादा विनोद सांगावा आणि मग खाऊ घ्यावा, हा प्रघात अनेक पिढ्या चालत आला आहे. पुढे महायुद्धातल्या साखरेच्या रेशनिंगमुळे ही चाल मंदावली. १९४७ मध्ये घरगुती साखर मोकळी झाली आणि मिठाईच्या कारखानदारांनी तिला डोक्यावर घेतले. तेव्हापासून ती लहानग्यांची मानली जाऊ लागली. परंतु ती समाजाने एका विशिष्ट वयाशी केलेली तह होती, आणि ते वय सहा वर्षांचे खचितच नव्हते. सहा वर्षांचे मूल कोणाची गाडी छपरावर चढवीत नाही. आज तहातला दुसरा पक्षच बाहेर काढा असे म्हणणाऱ्यांनी तहाचा पहिला अर्धा भाग वाचलेला दिसत नाही.

आपल्या शिमग्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. होळीसाठी शेजाऱ्याच्या आवारातले लाकूड रात्री पळविण्याची चाल कोकणात काय, देशावर काय, सर्वांच्या परिचयाची आहे. आणि त्या रात्रीपुरती ती चोरी म्हणून कोणी पोलिसात गेल्याचे क्वचितच ऐकिवात येते. गोव्यात शिगमोत्सवात ढोलताशांसह मेळ दारी येतो, अंगणात नाचतो, गातो, आणि घरधनी त्याला नारळ, तांदूळ, पैसे देतो. त्या मेळात बाप असतो, मुलगा असतो, कधी आजोबाही असतात. त्यांचे वय कोणी विचारीत नाही, कारण ते रिकाम्या हातांनी आलेले नसतात. वयाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथेच सापडते असे वाटते.

विरोध करणाऱ्यांची बाजू पोकळ आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धेने रात्री साडेनऊला दार उघडावे आणि समोर सहा फुटांचे चार मुखवटे असावेत, तर तिच्या छातीत धस्स होणारच. सोंग नाही, शब्द नाही, उशीचा अभ्रा पसरून उभे राहायचे आणि मूठ भरली की पुढच्या दाराकडे वळायचे, अशीही मुले असतात. त्यांच्या मागे आलेल्या चिमुरड्यांना मग तळातल्या दोन गोळ्या उरतात. ही तक्रार न्याय्य आहे. परंतु ती वागणुकीची तक्रार आहे, वयाची नव्हे. उद्धटपणा तेराव्या वाढदिवशी जन्माला येत नाही, आणि दहा वर्षांचे सगळेच सुशील असतात असा अनुभव निदान शिक्षकांचा तरी नाही.

शिवाय वय ठरविणार कोण? दारातला घरधनी, अंधूक उजेडात, मुखवट्याकडे पाहून! अकराव्या वर्षीच उंच झालेल्या मुलाने जन्मदाखला खिशात ठेवून फिरावे काय? शरीराने सतरा वर्षांची पण समजेने सात वर्षांची अशीही मुले असतात. स्वमग्न मुलांच्या काही आयांनी अलीकडच्या वर्षांत त्यांच्या हाती निळी बादली देण्यास सुरुवात केली, ती एवढ्याचसाठी की, लोकांनी ‘एवढा मोठा घोडा’ म्हणून त्यांना हाकलू नये. आपल्या मुलाची व्याधी सगळ्या गल्लीला दाखविल्याशिवाय त्याला एक चॉकलेट मिळू नये, ही स्थिती त्या आयांनी निर्माण केलेली नाही.

याहून कठोर वस्तुस्थिती वर्णाची आहे. दहा वर्षांच्या पुढचे कृष्णवर्णीय मुलगे पाहणाऱ्यांना आहेत त्याहून मोठे आणि कमी निरागस वाटतात, असे २०१४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. तेव्हा वयाचा नियम सर्वांना सारखा असला तरी संशयाची नजर सर्वांवर सारखी पडणार नाही. ती गव्हाळ-सावळ्या वर्णाच्या आमच्या मुलांवरही पडू शकते, हे तिकडच्या पालकांना सांगावयास नको. आणि ही नजर कोठवर जाते याचे उदाहरण ऑक्टोबर १९९२ मध्ये लुइझियानातील बॅटन रूज येथे घडले. शिकण्यासाठी आलेला सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या मेजवानीला जाताना चुकून दुसऱ्याच घराच्या दाराशी गेला. अंगावर सोंगाचा पोशाख होता. घरमालकाने त्याला गोळी घालून ठार केले. फौजदारी न्यायालयात तो घरमालक निर्दोष सुटला. त्या मुलाच्या आईबापांनी मायदेशी लाखो सह्या गोळा केल्या, त्या बंदुका आवरा अशी विनंती करण्यासाठी. दारात उभा असलेला मोठा मुलगा म्हणजे धोका, ही समजूत जितकी मुरेल तितका अशा दारांमागचा घोडा हलका होणार.

भीती कशी पसरते याचे आणखी एक उदाहरण या सणातच आहे. अनोळखी माणसे खाऊत विष आणि सफरचंदात पाती घालतात, या बोलवेने गेली पन्नास वर्षे अमेरिकन आयांची झोप उडविली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी जुन्या वृत्तपत्रांतील अशा बातम्यांचा मागोवा घेतला, तेव्हा अनोळखी माणसाने अशा रीतीने मुलाचा जीव घेतल्याचे एकही प्रकरण त्यांना खरे ठरलेले आढळले नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये विषारी खाऊने एक मुलगा दगावला खरा, पण ते विष त्याच्या बापाने विम्याच्या पैशासाठी घातले होते. तरीही बोलवा उरली, आईबाप मुलांच्या मागोमाग हिंडू लागले, आणि आमच्या मते त्यामुळेच ही चाल बोट धरून चालणाऱ्या वयाची होऊन बसली. एकटे हिंडू शकणारी मुले मग आपोआपच आगंतुक ठरली.

त्यांना आगंतुक ठरविल्याने ती घरी बसतात काय? डेट्रॉइट शहराने ‘डेव्हिल्स नाइट’ म्हणून ओळखली जाणारी ३० ऑक्टोबरची रात्र अनेक वर्षे भोगली. १९८४ साली त्या दोन-तीन दिवसांत आठशेच्या वर आगी लागल्या. सगळ्या पोरांनीच लावल्या असे नव्हे. उजाड घरे, बुडालेले धंदे, विम्याचे लोभी मालक यांचाही वाटा त्यात होता. रात्रीची संचारबंदी झाली. पण १९९५ पासून हजारो नागरिक स्वतः रस्त्यावर उतरून रात्रभर गस्त घालू लागले, तेव्हापासून आगी हळूहळू उतरणीला लागल्या. त्या गस्तीचे बळ कायद्याच्या कागदापेक्षा ओळखीच्या चेहऱ्यांत होते.

तिकडच्या काही मराठी पालकांचा आक्षेप वेगळाच असतो. ‘चौदा वर्षांचा घोडा दारोदार भीक मागतो, हे आपल्यात शोभते का?’ आपल्यात म्हणजे कोणात? मुंजीच्या भिक्षावळीत बटू झोळी पुढे करतो आणि घरातल्या बाया कौतुकाने लाडू घालतात. माधुकरी मागून विद्या शिकलेल्या पिढ्यांचे आपण वंशज आहोत. दसऱ्याचे सोने आणि संक्रांतीचा तिळगूळ घेऊन घरोघर जाताना वयाची अट नाही. आणि इकडे नरकासुराच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्या मंडळींशी ज्यांचा व्यवहार झालेला आहे, त्यांना एका चॉकलेटसाठी तोंडाने काही तरी बोलून दाखविणारा पंधरा वर्षांचा पोरगा फारच सभ्य वाटेल.

तेव्हा मुलगा जाऊ इच्छीत असेल तर त्याला जाऊ द्यावे. मात्र जाताना सोंग नीट घ्यावे. नेहमीचा सदरा आणि हातात पिशवी एवढ्यावर भागवू नये. दारात एखादा विनोद सांगावा, गाणे म्हणावे, धाकट्यांना पुढे होऊ द्यावे, मूठ न भरता एकच उचलावे आणि म्हातारी माणसे निजण्याआधी घरी परतावे. धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम त्याच्याकडे दिले तर आईबापांची फेरीही वाचेल. ज्याला खाऊची लाज वाटते त्याच्यासाठी दुसरा मार्ग १९५० पासूनच उघडा आहे. त्या वर्षी फिलाडेल्फियात काही मुलांनी दुधाच्या रिकाम्या डब्यांत युद्धग्रस्त मुलांसाठी नाणी गोळा केली आणि त्यातून युनिसेफसाठी हॅलोविनचा निधी जमविण्याची चाल पडली.

आणि ज्या घरधन्याला हे काहीच नको असेल, त्याच्यासाठीही त्या देशात एक संकेत रूढ आहे. दारावरचा दिवा लावलेला असेल तर या, मालवलेला असेल तर पुढे जा. मुले तो संकेत पाळतात. ज्याला त्रास नको त्याने दिव्याचे बटण दाबावे. त्याला नगरसभेच्या ठरावाची गरज नाही.