'मूल सहकार्य करीत नाही' हा कसला अहवाल?

जुळे सोलापुरातील माझ्या कार्यालयात गेल्या महिन्यात एक विडी कामगार भगिनी मुलाची फाइल घेऊन आल्या. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अडले होते. मुलगा सव्वाचार वर्षांचा, 'आई' हा शब्दही अजून त्याच्या तोंडी नाही. फाइलमध्ये दोन वर्षांच्या अंतराने झालेल्या श्रवण तपासणीचे दोन कागद होते आणि दोन्हींवर एकच शेरा : मूल सहकार्य करीत नाही, नंतर आणावे. साक्षीदार सहकार्य करीत नाही, हे कोर्टात मी रोज ऐकतो. पण दोन वर्षांच्या लेकराने सहकार्य करावे, अशी अपेक्षा कोणत्या शास्त्रात आहे?

कोठे तपासले ते येथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका ठिकाणाचा नाही. मोठ्या माणसाला कानाला हेडफोन लावून 'आवाज आला की बटण दाबा' असे सांगता येते. तान्ह्या मुलाचे तसे नसते. सहा महिन्यांच्या पुढचे मूल आवाजाकडे मान वळवते, वळवली की बाजूचे दिवा लागणारे खेळणे दाखवायचे, असे करीत त्याचे ऐकणे मोजायचे. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा खेळ शिकवायचा. तेही जमले नाही तर मूल झोपलेले असताना बेरा तपासणी करायची. कानातील ओएई तपासणी ठीक आली म्हणून मूल ऐकते असेही नव्हे. जन्मतः तीव्र कावीळ झालेल्या किंवा काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळात दोष कधीकधी पुढच्या मज्जातंतूत असतो, तो बेरामध्येच कळतो. म्हणजे सहकार्य मिळवणे हे तपासणाऱ्याचे कौशल्य आहे, मुलाचे कर्तव्य नाही.

हे पदवीच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते. पण हात बसतो तो शेकडो बाळे पाहून. जिल्ह्याच्या ठिकाणी श्रवणतज्ज्ञाचा दिवस ज्येष्ठांची यंत्रे आणि प्रमाणपत्रे यांतच जातो. म्हणून लहान मुलांसोबत काम करणाऱ्या श्रवणतज्ज्ञांना ऑनलाइन प्रशिक्षण द्यावे, या मताचा मी आहे. कारण साधे आहे. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, पण तेथे जायचे तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसची रात्र, राहण्याचा खर्च आणि कंत्राटी नोकरीतील बुडालेला पगार. ज्यांच्या घरात ही पदवी घेणारी पहिलीच पिढी आहे, अशा आपल्या वस्त्यांतील मुलामुलींनी हा खर्च कोठून करावा? मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञाने केलेली तपासणी पडद्यावर पाहता आली, आपल्याकडची अडलेली केस त्याच्यासमोर मांडता आली, तर ते दार उघडते.

मात्र येथेच फसवणूकही होऊ शकते. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना सातत्य शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. टाळेबंदीत हे कार्यक्रम ऑनलाइन झाले आणि कॅमेरा बंद ठेवून गुण मिळवणारेही निघाले. (आम्हा वकिलांच्या परिषदांत वेगळे काही घडते असा माझा दावा नाही.) रडणाऱ्या बाळाच्या कानाचा साचा घेणे पडद्यावर पाहून येत नाही. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेने 2007-08 पासून श्रवण, भाषा व वाचा पदविका दूरदृश्य पद्धतीने वेगवेगळ्या राज्यांतील केंद्रांत नेली, तेव्हा व्याख्यान म्हैसूरहून आणि प्रात्यक्षिक स्थानिक केंद्रात, अशी विभागणी केली होती. मार्ग आपल्याच देशाने दाखवलेला आहे. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रात्यक्षिकाचे केंद्र तेथे का होऊ नये?

आणि भाषा? सोलापुरात पूर्व भागातल्या घरात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, कोठे उर्दू, कोठे मराठी. तेलुगू घरातल्या मुलाची शब्दांची तपासणी मराठी यादीने केली तर मूल नापास होणार की यादी? यंत्र दिवसभर कानात का ठेवायचे, हे आईला तिच्या भाषेत सांगता आले नाही तर ते यंत्र डब्यात पडते. इंग्रजीतील प्रशिक्षण याचे उत्तर देत नाही.

शासन याला दान समजत असेल तर कायदा वाचावा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 25 मध्ये सर्व बालकांची वर्षातून किमान एकदा तपासणी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणाच्या सोयी, या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच 2013 मध्ये आपल्या महाराष्ट्रातून, पालघरहून झाली आणि त्यात जन्मजात बहिरेपण समाविष्ट आहे. तेव्हा प्रशिक्षणाचे तास कामाचे तास धरावेत, शुल्क शासनाने भरावे, कंत्राटी श्रवणतज्ज्ञाचाही त्यात समावेश करावा. आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे माहितीच्या अधिकारात एवढेच विचारावे की, गेल्या वर्षी किती बाळांचे कान तपासले आणि किती जणांच्या कागदावर 'सहकार्य नाही' लिहिले.

त्या मुलाची बेरा तपासणी अखेर मुंबईत झाली, झोपेत, काही मिनिटांत. दोन्ही कानांनी अतितीव्र बहिरेपण निघाले. केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळायचे तर जन्मजात कर्णबधिर मुलाचे वय पाचच्या आत लागते. त्याला पाच पूर्ण व्हायला आता साडेआठ महिने राहिले आहेत.