बंगळूरमधील व्यापारी भाडे : मोठ्यांना स्थैर्य, छोट्यांना अकरा महिने

बंगळूर महानगराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५७ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे ८५ लाखांवर पोहोचली. माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी आणि बाह्य वर्तुळाकार मार्ग या परिसरांचा कायापालट झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपर्यंत पूर्ण झाली, तर ऑगस्ट २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीमार्गे जाणारी पिवळी मार्गिका सुरू झाली. स्थानक जवळ आल्याने गिऱ्हाईक वाढते, हे खरे. मात्र करार संपताच त्या वाढीतला आपला वाटा जागामालकही मागतो.

या शहरात व्यापारी जागेच्या भाड्याचे दोन वेगळे व्यवहार चालतात. मोठी कंपनी किंवा नामांकित दुकानसाखळी अनेक वर्षांचा नोंदणीकृत करार करते. भाडेवाढीचे प्रमाण, साधारणपणे दर तीन वर्षांनी १५ टक्के, त्यात आधीच ठरलेले असते. ठरावीक मुदतीनंतर जागा सोडण्याची मुभा बहुधा कंपनीला असते, मालकाला नसते. याउलट कोपऱ्यावरचा औषधविक्रेता किंवा उभ्याउभ्या इडली-कॉफी देणारी 'दर्शिनी' अनेकदा अकरा महिन्यांच्या करारावर चालते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार सक्तीची आहे. त्याचा खर्च टाळण्यासाठी ही पळवाट रूढ झाली. त्यात वाचतात ते काही हजार रुपये. फरशी, भटारखाना, वीजजोडणी यांवर घातलेले लाखो रुपये मात्र बाराव्या महिन्यापासून मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहतात.

कायद्याचा आधारही तोकडाच आहे. १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा १४ चौरस मीटरहून मोठ्या व्यापारी जागांना लागू होत नाही. म्हणजे जेमतेम टपरीएवढ्या गाळ्यालाच त्याचे छत्र, तेही भाडे कमी असेल तर. बाकीच्यांसाठी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि करारातील अटी हेच सर्वस्व. मुंबईत पागडीच्या जुन्या भाडेकरूंना संरक्षण मिळाले आणि मालक इमारतींच्या दुरुस्तीबाबत उदासीन झाले. तो मार्ग अनुकरणीय म्हणता येणार नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात व्यापारी जागेसाठी अनामत रक्कम सहा महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. परंतु तो स्वीकारणे राज्यांवर सोपविलेले आहे.

कराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून, जागामालक वस्तू व सेवा कराखाली नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर व्यापारी भाड्यावरील १८ टक्के कर भाडेकरूने स्वतः भरावयाचा आहे. मासिक भाडे एक लाख रुपये असल्यास ही रक्कम १८ हजार होते. सामान्य व्यापाऱ्याला तिची वजावट पुढे मिळते. छोट्या व्यापाऱ्यांच्या आपसमेळ योजनेतील करदात्यांना डिसेंबर २०२४ च्या परिषद बैठकीत यातून वगळण्याचा निर्णय झाला. राहिले ते नेहमीच्या पद्धतीने ५ टक्के कर आकारणारे उपाहारगृहचालक. त्यांना वजावटीचा हक्कच नाही, त्यामुळे हे १८ हजार सरळ खर्चात जमा होतात. ज्या मालकाचे वार्षिक उत्पन्न वीस लाखांच्या आत आहे म्हणून त्याला नोंदणीतून सूट मिळाली, त्याच्याच जागेवरचा कर खानावळवाल्याने भरावा, अशी ही रचना आहे.

हा बोजा गिऱ्हाइकावर ढकलणे सोपे नाही. दर्शिनीची सारी भिस्त स्वस्त दर आणि भरपूर खप यांवर असते. कॉफीचे दोन रुपये वाढले तरी नेहमीचे गिऱ्हाईक कुरकुर करते. मालकाला भाडे कमी करण्याची विनंती करावी, तर त्याच गाळ्यासाठी मोबाइल विक्रेत्याची साखळी दारात उभी असते.