नाकेबंदी नेमकी कोणाची होते?

परवा गावच्या ग्रुपवर पुन्हा तेच सुरू झालं. अमुक देशाशी व्यापार तोडा, सगळा माल बंद करा, आठ दिवसांत गुडघे टेकतील. मी बांद्याचा. गोव्याची हद्द आमच्या अगदी उशाशी. व्यापारबंदी आमच्या घराने भोगलेली आहे, म्हणून चार शब्द लिहितोय.

१५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. नेहरूंना युद्ध नको होतं आणि गप्प बसणंही शक्य नव्हतं. अशा कोंडीतच सरकारं व्यापारबंदीकडे वळतात. १९५४ पासून आवळत आणलेला फास मग घट्ट केला. रेल्वे बंद, रस्ते बंद, मालाची ये-जा बंद, पैसे पाठवण्यावर निर्बंध.

आता बघा काय झालं. सालाझार बसला होता लिस्बनला. त्याच्या ताटातलं काही कमी झालं नाही. गोव्यात बटाटा हॉलंडहून आला, चहा सिलोनहून, तांदूळ पाकिस्तानातून. (बटाटा हा शब्द आपल्याला दिला पोर्तुगीजांनीच, आणि त्यांच्यावर तो बोटीने मागवायची वेळ आली!) मुरगाव बंदरातून लोहखनिज जपानला, पश्चिम जर्मनीला जात राहिलं आणि त्या पैशावर परदेशी मालाने दुकानं भरली. घड्याळं, सोनं, दारू चोरट्या वाटांनी आपल्याकडे यायला लागली. खाणवाल्यांचं आणि स्मगलरांचं उखळ पांढरं झालं.

आणि मुंबईत राबणाऱ्या गोंयकाराच्या घरी? त्याच्या पैशावर चूल पेटायची, तिथे ओढाताण. माझ्या आजीचं माहेर पेडण्याचं, म्हणजे पलीकडे. तिचे वडील गेले, ते कळलं रात्री चोरवाटेने आलेल्या एका माणसाकडून. तोवर तेरावं उलटून गेलेलं. आजी नेहरूंवर कधी चिडली नाही. पण ‘नाकेबंदी’ हा शब्द निघाला की उठून आत जायची.

शेवटी गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ ला, सैन्य घुसल्यावर.

मग बंदी कधीच करू नये का? तसं मी म्हणत नाही. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार थांबवला. तिथल्या हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा तो निषेध होता. त्याने प्रिटोरियाचं सरकार पडेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. ‘तुमच्याशी आमचा व्यवहार नाही’ हे जगासमोर सांगायचं होतं, ते सांगितलं. ती बंदी उठायला १९९३ उजाडलं, पण मला ती पटते. नुकसान आपण आपल्या खिशाला लावून घेतलं होतं. गोव्याच्या वेळी मात्र ज्यांना सोडवायचं त्यांचाच गळा आवळला गेला.

२०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावलं. देशाचा राग रास्तच होता. पण पहिला रोजगार गेला तो अटारीच्या नाक्यावर गोणी उचलणाऱ्या आपल्याच हमालांचा. त्यांना पर्यायी काम द्यायचं कोणाच्या डोक्यात आलं?

म्हणून ग्रुपवर मी एवढंच विचारलं, तुमच्या बंदीच्या यादीतून औषधं, टपाल आणि घरी पाठवायचे पैसे वगळलेत ना?

दोन दिवस झाले. निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.