जुन्या संगणकाला दुसरी डिस्क

शाळेच्या कार्यालयातला २००४ सालचा संगणक मोडीत द्यावा, अशी सूचना मागच्या पालकसभेत झाली. हेतू चांगला आहे, पण सूचना मला पटली नाही. म्हणून हे चार शब्द.

या यंत्रात आपल्या वार्तापत्राचे जुने अंक आहेत, श्रीलिपीच्या फाँटमध्ये टाइप केलेले. युनिकोड तेव्हा आपल्याकडे रुळायचे होते. त्या फायली नव्या संगणकावर उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. इंदुरात राहून मराठी लिहिणाऱ्या आपल्याच माणसांचा हा मजकूर. तो युनिकोडमध्ये आणेपर्यंत तरी यंत्र चालू राहिले पाहिजे. त्याची ४० जीबीची डिस्क भरत आली आहे आणि हल्ली कटकट आवाज करते. म्हणून दुसरी डिस्क बसवावी, असे माझे म्हणणे.

मात्र नुसती 'हार्ड डिस्क द्या' म्हणून भागत नाही. घरच्या जुन्या संगणकासाठी मी तसेच केले होते. आणलेली डिस्क निघाली साटा, आणि आमच्या मदरबोर्डवर साटाची जागाच नव्हती. रुंद पट्टीच्या केबलची आयडीई तेवढी. मग वापरलेली आयडीई डिस्क मिळवली आणि जुनीसोबत एकाच केबलवर लावली, तर संगणक एकही ओळखेना! दोन्हींचे जंपर 'मास्टर'वर होते. मागची ती इवलीशी टोपी उपटून नवीची 'स्लेव्ह'वर बसवली, तेव्हा कुठे दोन्ही दिसल्या. जंपरची आकृती बहुधा डिस्कच्या लेबलवरच असते. मी ती चष्मा नसल्याने वाचली नव्हती.

शाळेचा संगणकही आयडीईचाच आहे, झाकण उघडून पाहिले. मोठ्या डिस्कचा मोह नको. त्या काळच्या अनेक संगणकांत सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा असे आणि एक सेक्टर ५१२ बाइटचा. त्यामुळे १३७ जीबीच्या पुढचे त्यांना दिसतच नाही. (२ चा २८ वा घात गुणिले ५१२, मुलांनी करून पाहावे.) आपल्याला ८० जीबी पुष्कळ झाली. शिवाय ४० आणि ८० असे वेगळे आकडे असले की फॉरमॅट करताना चुकून जुनीच डिस्क पुसली जाण्याचे भय कमी.

एका शंकेला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि ती रास्त आहे. दोन्ही डिस्क एकाच डब्यात असल्यामुळे पावसाळ्यात वीज उसळली तर दोन्ही एकदम जातील. म्हणून झाकण उघडण्याआधीच सगळ्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. विंडोज एक्सपीची सुरक्षा-सुधारणा २०१४ सालीच थांबली, तेव्हा यंत्राला इंटरनेटही जोडू नये.

नव्या आयडीई डिस्क आता निघत नाहीत. कुणाच्या माळ्यावर चालू स्थितीतली ८० जीबीची पडून असेल, तर कार्यालयात कळवावे. तिच्यातले घरचे फोटो मात्र आधी काढून घ्यावेत. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी येतो.