निष्ठा की नाइलाज?

सारी कारकीर्द एकाच क्लबकडून खेळलेल्या खेळाडूचे नाव निघाले, की आपला आवाज नकळत हळवा होतो. ‘आता तशी माणसे राहिली नाहीत’ हे वाक्य त्यापाठोपाठ ठरलेलेच. कोल्हापुरात पेठेच्या तालमीचा संघ सोडून दुसऱ्या तालमीकडून मैदानात उतरणाऱ्या खेळाडूकडे गल्ली कोणत्या नजरेने पाहते, हे तिथल्या वाचकांना सांगायला नको. इंग्लंडमध्ये अशा वेळी ज्यांची नावे हमखास घेतली जातात त्यांत टॉम फिनीचे नाव फार वर आहे. ते घेतले जावे यात वावगे काहीच नाही. प्रश्न आहे तो, फिनीचे गुणगान करताना आपण नेमके कशाचे गुणगान करतो, एवढाच.

फिनीचा जन्म १९२२ साली लँकशायरमधल्या प्रेस्टन या गिरण्यांच्या गावी झाला. गावच्या ‘प्रेस्टन नॉर्थ एंड’ या क्लबने १८८८-८९ साली इंग्लंडमधील पहिली लीग स्पर्धा एकही सामना न गमावता जिंकली होती. त्या पुण्याईवर पुढे पिढ्यान्पिढ्या जगल्या. पोराने क्लबकडे जाण्यापूर्वी प्लंबरचे काम पुरते शिकून घ्यावे, असा वडिलांचा आग्रह होता आणि पोराने तो मानला. पुढे महायुद्ध आले. उमेदीची वर्षे इजिप्त आणि इटलीच्या आघाड्यांवर रणगाड्यात गेली आणि लीगमधला पहिला सामना खेळायला १९४६ साल उजाडले. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. तिथून १९६० पर्यंत लीगमध्ये ४३३ सामने आणि १८७ गोल, तर इंग्लंडकडून ७६ सामने आणि ३० गोल. मुळात डावखुरा असलेला हा माणूस उजव्या बगलेवर खेळे, गरज पडली तर डाव्या बगलेवर आणि उतारवयात आघाडीच्या मध्यभागीही. १९५४ आणि १९५७ अशी दोन वर्षे तो इंग्लंडमधील वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. हा मान दोनदा मिळवणारा तो पहिलाच.

आणि पदके? लीगचे विजेतेपद नाही, एफ. ए. कपही नाही. १९५३ साली प्रेस्टन आणि आर्सेनल यांचे गुण सारखे झाले आणि केवळ गोलांच्या सरासरीवर विजेतेपद लंडनला गेले. १९५४ च्या कप अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविचने प्रेस्टनला ३-२ असे हरवले. १९५८ साली लीगमध्ये पुन्हा दुसरा क्रमांक. हा सारा काळ फिनी प्लंबरचा व्यवसायही करीत होता. हौसेखातर नव्हे, खेळावर घर चालवायचे म्हणजे फारच काटकसर करावी लागे.

आता १९५२ ची गोष्ट. इंग्लंडचा संघ इटलीच्या दौऱ्यावर असताना सिसिलीतल्या पालेर्मो क्लबचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या एका राजपुत्राने फिनीपुढे प्रस्ताव ठेवला. करार होताच दहा हजार पौंड, दरमहा १३० पौंड, वर बक्षिसे, राहायला बंगला आणि फिरायला मोटार. त्या वेळी इंग्लंडमध्ये कोणत्याही फुटबॉलपटूला आठवड्याला १४ पौंडांहून अधिक वेतन देण्यास नियमानेच बंदी होती आणि उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी मिळे. हिशेब करून पाहावा: करारावर सही होताच मिळणारी ती रक्कम म्हणजे जवळजवळ चौदा वर्षांचा पगार. फिनीने प्रस्ताव क्लबच्या अध्यक्षांपुढे ठेवला. आमच्याकडून खेळायचे नसेल तर कोणाकडूनच खेळता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. फिनी परत आला आणि पुढल्या मोसमासाठी बूट बांधू लागला.

निष्ठेची दंतकथा नेमकी इथून सुरू होते आणि माझी शंकाही इथेच सुरू होते. अध्यक्षांचे ते उत्तर म्हणजे कायद्याची अचूक व्याख्या होती. कराराची मुदत संपली तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या हाती राही. क्लबने त्याचे नाव ‘राखून ठेवलेल्यांच्या’ यादीत घातले, की लीगमधला दुसरा कोणताही क्लब त्याला घेऊ शकत नसे. पगार बंद करूनही माणूस अडकवून ठेवता येई. देशाबाहेर पळावे, तर त्याचेही उदाहरण ताजे होते. इंग्लंडच्या बचावफळीचा आधारस्तंभ नील फ्रँकलिन १९५० साली चांगल्या पैशाच्या आशेने कोलंबियातील बोगोटाला गेला. थोड्याच काळात निराश होऊन परतला, तेव्हा त्याच्यावर बंदी आली. बंदी उठल्यावर दुसऱ्या श्रेणीतला एक क्लब वाट्याला आला आणि इंग्लंडच्या संघाचे दार पुन्हा उघडले नाही. फिनीला हे ठाऊक नसेल असे कोण म्हणेल?

ज्या दाराला बाहेरून कडी आहे त्या खोलीत राहिलेल्या माणसाच्या निष्ठेचे माप कसे घ्यायचे? क्लबने तर ते कधीच घेऊ नये. निष्ठा हा शब्द ज्याच्या तोंडी शोभतो तो निष्ठा बाळगणारा. तिचा लाभ उठवणाऱ्याच्या तोंडी तो आला की त्याचा अर्थ बदलतो. शाळा-महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या वाचकांना हा अनुभव अपरिचित नसावा. वेतनवाढीचा विषय निघाला की संस्थेच्या थोर परंपरेवर व्याख्यान सुरू होते. परंपरेने पोट भरत असते, तर फिनीला नळ दुरुस्त करीत हिंडावे लागले नसते.

तरीही फिनीची निष्ठा खोटी होती असे मी म्हणणार नाही. सक्तीमुळे माणूस मैदानावर येतो. सक्तीमुळे तो तसा खेळत नाही. १९४९ साली प्रेस्टन दुसऱ्या श्रेणीत घसरले, तेव्हा तिथली दोन वर्षे तो त्याच निगुतीने खेळला. सबंध कारकिर्दीत पंचांनी त्याला एकदाही ताकीद दिली नाही, असे सांगतात. खेळ थांबल्यावर, जेव्हा कोणतीही यादी त्याला बांधून ठेवू शकत नव्हती तेव्हा, तो प्रेस्टनलाच राहिला. तो क्लबचा अध्यक्ष झाला, १९९८ साली ‘सर’ झाला आणि २०१४ साली वारला तोही त्याच परिसरात. (१९६३ साली बेलफास्टच्या डिस्टिलरी क्लबकडून बेन्फिकाविरुद्ध तो एक सामना खेळला होता. काटेकोर मंडळी यावरून त्याची ‘एकाच क्लबचा खेळाडू’ ही बिरुदावली काढून घेऊ पाहतात. एकेचाळीस वर्षांच्या माणसाला एवढी चैन परवडू द्यावी.) शिवाय हातात दुसरा धंदा होता म्हणून त्याला १४ पौंडांत मान ताठ ठेवता आली. ज्यांच्या हाती तो नव्हता अशा सहकाऱ्यांच्या निष्ठेची कथा कोणी लिहीत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. वेतनाची मर्यादा उठली आणि लहान गावांचे क्लब हळूहळू मागे पडले, पैसा मोठ्या शहरांकडे वाहिला. प्रेस्टन १९६१ साली पहिल्या श्रेणीतून खाली आले ते आजवर परत वर गेलेले नाही. परंतु ती मर्यादा त्याच मोसमाच्या मध्यावर उठली होती. त्या घसरणीचा दोष एवढ्या घाईने स्वातंत्र्याच्या माथी मारता येत नाही; सारा भार एका खांद्यावर टाकून चौदा वर्षे चाललेल्या क्लबाचा तो खांदाच गेला होता. पुढच्या काळात मात्र लहान गावांचे नुकसान झाले हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यावरचा इलाज क्लबांनी आपापसांत उत्पन्न वाटून घेण्यात आहे. तो भुर्दंड खेळाडूच्या पगारातून का वसूल व्हावा?

आणि मोकळीक आली म्हणून निष्ठा आटली असेही दिसत नाही. मर्यादा उठताच फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड देऊ केले आणि हेन्स १९७० पर्यंत फुलहॅमकडेच राहिला. रोममध्ये जन्मलेला फ्रान्सेस्को टोटी १९९३ पासून २०१७ पर्यंत रोमाकडूनच खेळला. दार उघडे होते, बाहेर माद्रिदसारखे क्लब उभे होते आणि विजेतेपदाची शाश्वती रोमात मुळीच नव्हती. इतक्या वर्षांत लीगचे एकच विजेतेपद त्याच्या वाट्याला आले. त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणताना जीभ अडखळत नाही. त्याला वेतनही उत्तम मिळाले हा त्या निष्ठेतला उणेपणा मानायचे काही कारण मला दिसत नाही.

प्रेस्टनच्या मैदानाबाहेर २००४ पासून फिनीचा पुतळा कारंज्यात उभा आहे. १९५६ साली चेल्सीच्या तुंबलेल्या मैदानावर चेंडूमागे पाणी उडवीत घसरत जाताना टिपलेल्या छायाचित्रावरून तो घडवला आहे. त्या फिनीने ३० एप्रिल १९६० रोजी शेवटचा लीग सामना खेळला, तेव्हा इंग्लंडमधील कमाल वेतन आठवड्याला २० पौंड होते. खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा दिला आणि नऊ महिन्यांच्या आत ती मर्यादा रद्द झाली. खेळाडूला राखून ठेवण्याची पद्धत हा व्यवसायस्वातंत्र्यावरचा अवाजवी निर्बंध आहे, हे न्यायालयाने १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात सांगितले. फिनी तोवर आपल्या प्लंबिंगच्या धंद्यात गुंतला होता.