दूरचे डोंगर आणि जवळचें विवर

उन्हाळ्याची सुटी तोंडावर आली कीं पुण्याच्या सुशिक्षित घरांतून एकच चर्चा सुरू होते: यंदा कोठें? मुलगा किंवा लेक अमेरिकेंत असली तर प्रश्न आपोआपच सुटतो. नायगारा, ग्रँड कॅन्यन आणि जमल्यास ॲरिझोनांतील तें उल्कापाताचें विवर, एवढें पाहून झालें म्हणजे वडील मंडळी कृतार्थ होऊन परततात व पुढील चार महिने येणाऱ्याजाणाऱ्यास छायाचित्रें दाखवितात. या हौसेस आमचा विरोध नाहीं. ग्रँड कॅन्यन पाहून ज्याचें मन हेलावत नाहीं, त्यानें खुशाल घरीं बसावें.

आमचा आक्षेप निराळा आहे. ॲरिझोनाच्या त्या विवराच्या कांठावर ज्यांनीं धन्योद्गार काढले, त्यांस लोणारविषयीं विचारून पाहावें. ‘बुलढाण्याकडे कोठेंसें आहे’ असें मोघम उत्तर मिळतें व विषय बदलतो. तें अमेरिकन विवर सुमारें १.२ किलोमीटर रुंद आहे. लोणारचें सुमारें १.८. पण लांबीरुंदीची कुस्ती आम्हांस लावावयाची नाहीं. लोणारचें खरें महत्त्व तें ज्या खडकांत खणलें गेलें त्यांत आहे. पुण्याच्या टेकड्या ज्या काळ्या पाषाणाच्या, त्याच पाषाणांत तें आहे. आणि चंद्रावरील काळसर सपाट प्रदेशही याच जातीच्या खडकाचे असल्यामुळें तेथील विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. १८२३ सालीं एका इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. पुढें दीर्घकाळ पंडितांनीं तें ज्वालामुखीचें मुख ठरविलें. प्रचंड आघाताच्या दाबाखेरीज न बनणारें काचरूप द्रव्य तेथें सांपडल्याचें १९७३ त प्रसिद्ध झालें, तेव्हां उल्कापाताचा पक्ष भक्कम झाला. २०२० च्या जूनमध्यें सरोवराचें पाणी गुलाबी झालें. पाणी घटून खारटपणा वाढला व क्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनीं हा रंग आणला, हें शोधलें पुण्यांतील आघारकर संशोधन संस्थेनें. पुणेकरांच्या अभिमानाच्या यादींत ही गोष्ट आम्हांस अद्याप आढळली नाहीं!

‘पण तिकडे सोयी नाहींत,’ असें म्हणतात. ॲरिझोनाचें विवर एका कुटुंबाच्या खासगी मालकीचें असून तिकीट काढल्यावांचून पाहतां येत नाहीं. तेथील टापटिपीचें कौतुक करणाऱ्यांनीं ती टापटीप पाहणाऱ्यांच्या पैशानें व आग्रहानें आली आहे, हें विसरूं नये. लोणार गांवाचें सांडपाणी सरोवरांत उतरतें ही तक्रार वर्षानुवर्षें झाली, न्यायालयापर्यंत गेली. पण पुण्याच्या दिवाणखान्यांतून त्याविषयीं हूं कीं चूं झाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. जें पाहिलेंच नाहीं, त्यासाठीं भांडणार कोण?

लोणार दूर वाटत असेल तर शिरूर तालुक्यांतील टाकळी हाजी गांठावें. पलीकडच्या तीरावर निघोज. मध्यें कुकडीच्या पात्रांत पुराच्या भोवऱ्यांबरोबर फिरणाऱ्या दगडगोट्यांनीं कठीण खडकांत रांजणांसारखे खळगे कोरले आहेत. सकाळीं निघून संध्याकाळीं घरीं परततां येतें. आम्हीं स्वतः ते पाहिले पन्नाशी उलटल्यावर, आणि तेही एका परदेशी पाहुण्याच्या हट्टामुळें. तो खडकावर ओणवा होऊन एकामागून एक प्रश्न विचारी, आणि आम्ही उत्तरादाखल डब्यांतील दशम्या पुढें करीत होतों.